बिनबोल्याच्या कॅसेटी

आमच्या घरात सगळ्यात मोठा आवाज बाबांचा होता, आणि तो ऐकू येत नव्हता तो फक्त बाबांनाच. त्यांनी पाणी मागितलं की तीन घरं सोडून राहणारी मुक्ताबाई गंमत म्हणून तांब्या भरून आमच्या दारात यायची. कापडाच्या मिलमध्ये आयुष्यभर लूमच्या खटखटाटात उभं राहून त्यांचे कान गेले. एका दिवसात नाही गेले. माय सांगायची, आधी पाखरं गेली, मग सायकलची घंटी, मग शेजारच्या घरातला रेडिओ, मग मिलचा भोंगा, आणि शेवटी आम्ही. मी शाळेत पाढे म्हणायला लागले तेव्हा बाबा माझ्या गळ्याला दोन बोटं लावून बसायचे, आवाज निघतो की नाही ते बघायला. "बोल, बोल, थांबू नको," म्हणायचे. त्यांच्या बोटांना सुताचा आणि मशीनच्या तेलाचा वास असायचा. आजही कुठं तेल घातलेलं शिवणयंत्र दिसलं की माझा हात आपोआप गळ्याकडे जातो.

सक्करदऱ्याच्या तळ्यामागे आमची वस्ती. दोन खोल्या, वर पत्रे, मागं एक पडवी. पुढच्या खोलीत बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, त्यांच्याखाली दादाची खाट. मागच्या खोलीत धान्याच्या कोठ्या, गाद्या आणि बाबा. असं लिहिताना मला लाज वाटते, पण तसंच होतं. पहिल्या पाळीचं काम आटोपून बाबा दुपारी साडेचारच्या सुमाराला सायकल भिंतीला टेकवायचे, हातपाय धुवायचे, माय त्यांना भाकर, बेसन आणि जवसाची चटणी वाढायची, आणि मग ते मागच्या खोलीत जाऊन बसायचे. कुणी त्यांना काही सांगायला जात नसे. सांगायचं म्हणजे हातवारे करा, ओरडा, पाटीवर लिहा. तिसऱ्या इयत्तेपर्यंत शिकलेले बाबा अक्षराखाली बोट धरून वाचणार, तोवर सांगणाऱ्याचा उत्साह संपायचा.

आणि आमच्या घराला एक वाईट खोड लागली. ती कुणी लावली ते आता सांगता येणार नाही, बहुतेक मायनंच, कंटाळून. बाबांसमोर, त्यांच्याकडे बघून, गोड हसून, वाटेल ते बोलायचं. बाबांनी तिसऱ्यांदा चहा मागितला की माय कपबशी पुढं करत हसून म्हणायची, "घ्या, ढोसा. पोट नाही ते, हौद आहे." बाबा मान हलवायचे आणि चहा घ्यायचे. मोठा भाऊ, मिलिंददादा, सरकारी कचेरीत क्लार्क होता. त्याचे मित्र आले की तो बाबांकडे हात करून अदबीनं म्हणायचा, "हा आमचा बंद पडलेला रेडिओ." मित्र हसू दाबत हात जोडायचे. बाबाही हात जोडून म्हणायचे, "जयभीम, बसा, बसा." आम्हाला ते फार विनोदी वाटायचं. मलाही वाटायचं.

दादानं आणि त्याच्या एका मित्रानं मिळून एक जुना व्हीसीआर आणि टीव्ही घेतला होता, लग्नाघरी आणि वस्त्यांमध्ये भाड्यानं द्यायला. शनिवार-रविवार ते सामान रिक्षातून फिरायचं, बाकीचे दिवस आमच्या मागच्या खोलीत चादरीखाली पडून असायचं. एका दुपारी दादा सदर भागातल्या व्हिडिओ लायब्ररीतून मारधाडीचा सिनेमा समजून कॅसेट घेऊन आला आणि ती लावून बघतो तर काळंपांढरं चित्र, जुनाट बाजा, आणि दोन गोरी माणसं, एक ढोल्या आणि एक काड्या, दोघांच्या हातात एकच शिडी. बोलत कुणीच नाही. मधून मधून इंग्रजी अक्षरांची पाटी यायची आणि जायची. "काय फालतू कॅसेट देल्ली त्यानं," म्हणून दादा ती काढायला वाकला, आणि बाबांनी त्याचं मनगट धरलं. जेवण झाल्यावर ते दारात येऊन कधी उभे राहिले ते आम्हाला कळलंच नव्हतं. "राहू दे," ते म्हणाले. ढोल्यानं शिडी उचलली, काड्या शिडीसकट भिंतीवर गेला, तिथून रंगाच्या बादलीत आला, आणि बाबा हसले. स्वतःचं हसू ऐकू येत नसलेल्या माणसाचं ते हसणं कसं होतं ते मला नीट सांगता येणार नाही. हापशी कोरडी चालवली की जसा आवाज येतो तसा काहीसा. माय हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली. तिला वाटलं बाबांना काही झालं.

त्या दिवसापासून मी त्या दोघांच्या मागे लागले. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि सकाळी मुलांच्या शिकवण्या घ्यायची. शिकवणी संपली की सायकल काढून सदरला. लायब्ररीचे मालक फ्रान्सिस अंकल म्हणून म्हातारे गृहस्थ होते. त्यांचा पुतण्या आखातात नोकरीला होता, तो येताना पेटीभर कॅसेटी आणायचा. त्यांना स्वतःला या जोडीचं वेड. दुकानात गिऱ्हाईक नसलं की तेच लावून बसायचे. "बेटी, ये साइलेंट वाला कोई नहीं ले जाता," ते म्हणाले, "तू किसके लिए ले जाती है?" मी सांगितलं, माझ्या वडिलांसाठी. त्यानंतर त्यांनी माझ्याकडून फक्त कोऱ्या कॅसेटीची किंमत घेतली. दोन व्हीसीआर तारेनं जोडून ते मला कॉपी करून द्यायचे. पहिल्यांदा मी नेलेल्या दोन कॅसेटी बोलपटांच्या निघाल्या, त्याच जोडीच्या, पण त्यांच्या पुढच्या काळातल्या. बाबांनी पाच मिनिटं पाहून मान फिरवली. "यायचं तोंड चालते अन् मी पुन्हा बहिरा होतो," म्हणाले. "मले बिनबोल्याचं आन." तेव्हापासून आमच्या घरात त्या कॅसेटींचं नाव बिनबोल्याच्या कॅसेटी.

अशा अकरा जमल्या. इंग्रजी नावं बाबांना वाचता येत नव्हती म्हणून मी प्रत्येक कॅसेटीच्या पाठीवर चित्र काढलं. शिडी, बादली, बकरी, मोडकी मोटार. एक कॅसेट मिळायला चार महिने लागले. पुतण्याची सुट्टी पुढं ढकलली म्हणून अंकलच माझ्याकडे असे बघायचे जसं काही त्यांचंच चुकलं. मी कधी कुणासाठी इतकी धडपड केली नाही, नवऱ्यासाठी नाही, मुलांसाठी नाही. हे मी माझ्या बाजूनं सांगत नाहीये. उलट पुढं जे झालं ते याच्यामुळं अधिकच काळं दिसतं.

अशा दुपारी बाबांना सोबत करायला लहानूकाका यायचे. नाव लहानू आणि अंग असं की सायकलवर बसले की सायकल दिसत नसे. बाबा काडीसारखे. दोघं तरुणपणापासून शेजारशेजारच्या लूमवर. लहानूकाकांचा एक कान गेलेला, दुसरा अर्धा होता. वस्तीतली पोरं त्या दोघांनाच ढोल्या-काड्या म्हणायला लागली होती. दोघं पोत्यावर भिंतीला टेकून बसायचे, मध्ये मुरमुऱ्याचं ताट, आणि पडद्यावरच्या गमतीवर आपसात बोलायचे. आवाज नाही. हात चालायचे, ओठ हलायचे, खांदे उडायचे. मिलमध्ये यंत्रांच्या गोंगाटात कामगार असेच बोलतात एवढं मला माहीत होतं. हातांच्या खुणा मी पाहायची, थोड्या शिकलेही होते. ओठांकडे माझं लक्ष नव्हतं. तीच कॅसेट दहाव्यांदा लावली तरी ढोल्या खाली बसायच्या आधीच बाबा हसायला सुरुवात करायचे, आणि मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी. माय पडवीतून म्हणायची, "सुरू झाला पंप."

त्याच सुमाराला मला वर्ध्याचं एक स्थळ आलं. मुलगा शाळामास्तर. नाव सांगत नाही, तो हयात आहे. मी त्याला एकदा आमच्या एका नातेवाइकाच्या लग्नात पाहिलं होतं. पंगतीत वाढताना एका म्हातारीची काठी पडली तर हातातली बालटी ठेवून त्यानं ती उचलून दिली, तेवढंच. पण माझ्या मनात तो बसला होता. रविवारी दुपारी पाहुणे येणार असं ठरलं, आणि शनिवारी दादा पुढच्या खोलीत मायला म्हणाला, "बाबायचं काय करायचं?"

"काय करायचं म्हंजे?" माय म्हणाली.

"ते विचारतीन एक, हे सांगतीन एक. ओरडतीन मधातच. पोरीचा बाप बहिरा, म्हनतीन पोरीतबी असन. ड्यूटीवर गेले म्हनून सांगू."

"रईवारी कोनती ड्यूटी?"

तेव्हा मीच तोंड उघडलं. मी म्हणाले, "मी उद्या नवी कॅसेट आणते. काकांना बोलावू. मागच्या खोलीत दार लोटून बसतीन दोघं. त्यायले सांगू, दादाच्या हापिसातले लोकं येऊन राहिले." बाबा समोरच खाटेच्या कडेला बसून सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा सुपारीकडे पाहिलं.

रविवारी मी खरंच सकाळीच सदरला गेले. अंकलनी दुकान उघडून मला कॅसेट दिली. महिनाभर मागितलेली, पुतण्यानं नुकतीच आणलेली. घरी पोह्यांची फोडणी, कोथिंबीर भरलेल्या सांबारवड्यांचा वास, मुक्ताबाईकडून आणलेल्या खुर्च्या. बाबांनी स्वतःहून पांढरा शर्ट घातला होता, फक्त चौदा एप्रिलला आणि दसऱ्याला दीक्षाभूमीला जाताना घालायचे तो. "हापिसातल्या लोकायसाठी येवढं काहून?" असं मला वाटलं, आणि मी पुढच्या कामाला लागले. दादानं त्या रविवारी व्हीसीआर भाड्यानं दिला नव्हता. मी कॅसेट लावून दिली, काकांना मुरमुरे दिले, दार लोटलं.

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई, त्याचे मामा. बाबा कुठं विचारल्यावर दादानं ड्यूटीचं सांगितलं. मी पोहे घेऊन गेले. त्याच्या आईनं मला जवळ बसवलं, काय शिकली, काय आवडतं, सगळं नीट चाललं होतं. आणि मागच्या खोलीतून ते हसू आलं. एकदा नाही, तीनदा, चारदा, पत्रे हलतील असं. "कोन आहे वं आत?" त्याच्या आईनं विचारलं. "आमचे काका," दादा म्हणाला, "त्यायले आयकू कमी येते." थोड्या वेळानं ती हात धुवायला मागे गेली. पडवीकडे जायची वाट त्या खोलीतूनच होती. मी तिच्या मागे होते. बाबा उठून उभे राहिले. शर्ट नीट केला, हात जोडले आणि आपल्या त्या मोठ्या आवाजात, पण जमेल तितका तो लहान करून म्हणाले, "जयभीम. मी पोरीचा काका." त्या बाईनं बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझं नाक, माझी हनुवटी, माझे कान बाबांचे आहेत. ती हात न धुताच परत गेली.

बाबांना काका व्हायचं आहे हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. दादानं ते वाक्य पुढच्या खोलीत, दाराच्या फटीसमोर बसून उच्चारलं होतं. हा विचार त्या वेळी माझ्या मनात आला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. आला नाही. माझं सगळं लक्ष त्या बाईच्या चेहऱ्याकडे होतं.

मंगळवारी मध्यस्थ निरोप घेऊन आला, दादा त्यासाठी रजा काढून घरीच होता. दारातच उभा राहून म्हणाला, "बहिरेपनाचं त्यायले काही नाही गा, मिलिंद. त्यायच्या घरी बी एक म्हातारी बहिरी आहे. पन ते मायमाऊली म्हनते, ज्या घरात बापाले काका म्हनते, त्या घरची पोर आपल्याले काय म्हनन?" तो गेला. त्यानं स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं, पण आम्ही तिघांपैकी कुणीही ते ऐकून घेतलं नाही. माय म्हणाली, "हसू आवरलं असतं जरासं तं काय झालं असतं." दादा म्हणाला, "आयुष्यभर हेच." मी चुलीजवळ जाऊन बसले आणि भाकरी थापत राहिले, आणि प्रत्येक भाकरीबरोबर माझ्या पोटातलं ते सगळं एकाच माणसावर जमा होत गेलं. जो माणूस उलटून बोलणार नाही, त्याच्यावर.

बाबा आले, हातपाय धुतले, पाटावर बसले. मी ताट वाढलं. दादा खाटेवर पडला होता, माय तांदूळ निवडत होती. पहिला घास घेऊन बाबांनी विचारलं, "काय म्हनले वं पाव्हने?" त्यांच्या लेखी आलेली माणसं हापिसातली होती, मग हे कुठले पाहुणे, हेही माझ्या ध्यानात आलं नाही. मी त्यांच्यासमोर बसले. आमच्या घरच्या खोडीप्रमाणे गोड हसले, मान डोलावली, जशी चांगली बातमी सांगताना डोलावतात, आणि म्हणाले, "तुमी मरत काहून नाही बाबा? मेले तं मी सुटीन एकदाची." दादा खाटेवरून फिसकन हसला. मायनं तांदळातून मान वर केली नाही.

बाबांचा घास तोंडात थांबला. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मग म्हणाले, "बरं." आणि उरलेली भाकर त्यांनी सगळी खाल्ली. बेसन पुसून घेतलं, ताटात पाणी घालून ते प्यायले, तांब्या जागेवर ठेवला आणि मागच्या खोलीत गेले. माझा राग तेवढ्यानं निवला होता. मला हलकं वाटलं. हे लिहायला मला चाळीस वर्षं लागली: मला हलकं वाटलं होतं.

त्या दिवशी त्यांनी कॅसेट लावली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. लहानूकाका आले, अर्धा तास बसून गेले. शुक्रवारी मी शिकवणीहून येत होते तर काका तळ्याच्या काठाला सायकल धरून उभे. त्या दिवशी त्यांनी दुसरी पाळी बदलून घेतली होती, कामावर जायच्या आधी ते माझ्यासाठीच थांबले होते.

"सुजाता, तू काय बोलली वं तुह्या बापाले?"

"मी? काही नाही."

"मंगळवारी. जेवतानी. त्यानं मले सांगतलं."

मला वाटलं ते चाचपून बघताहेत. मी म्हणाले, "काका, त्यायले आयकू कुठं येते?"

"कानानं नाही येत," काका म्हणाले. "अवं पोरी, लूमखात्यात कोनाले कानानं आयकू येते? समदे लूम संग चालते, देवबी ओरडला तं आयकू येनार नाही. तेथी मानूस ओठ वाचते. मी वाचतो, समदे वाचते. पन तुह्या बापासारखं कोनालेच नाही जमलं. पार त्या टोकाले मुकादम काय पुटपुटून राहिला ते सांगते तो. तुमाले काय वाटलं, आमी दोघं नुसते हात हलवतो?"

तळ्यावर धोबी कपडे आपटत होते. आपटल्याचा आवाज जरा उशिरा यायचा. मी विचारलं, "मंग त्यायनं कधी सांगतलं काहून नाही? इतके वर्षं?"

"कसं सांगन? सांगतलं असतं तं तुमी त्याच्याकडे पाठ करून बोलले असते. तो म्हने, लहानू, शिव्या का असंना, पन घरचं बोलनं तं भेटते." काकांनी सायकल वळवली. जाताना म्हणाले, "तो रागावला नाही वं. रागावला असता तं बरं झालं असतं."

घरापर्यंतचा रस्ता मी कसा कापला ते आठवत नाही. आठवतं ते असं की एकेक वाक्य परत येत होतं. हौद. पंप. बंद पडलेला रेडिओ. दादाच्या मित्रांसमोर जोडलेले ते हात. सुपारी कातरताना वर उचललेली मान. पांढरा शर्ट. त्यांना सगळं ठाऊक होतं. माझं स्थळ बघायला कोण येतंय हेही ठाऊक होतं, म्हणून ते तयार होऊन बसले होते, आणि पोरीच्या लग्नासाठी दादानं आपल्याला काका केलंय तर काका होऊ, म्हणून उठून उभे राहिले होते.

मी मायला आणि दादाला सांगितलं. दादा आधी म्हणाला, "तो लहानू काहीबी सांगते." मग त्याचा चेहरा उतरत गेला, आणि तो बाहेर निघून गेला. त्या दिवसापासून मायनं बाबांसमोर बोलताना तोंडाला पदर लावायला सुरुवात केली. दादा भिंतीकडे तोंड करून बोलायचा. काही वाईट बोलायचं म्हणून नव्हे. भीतीनं. मिठाचा डबा कुठं आहे हेही आम्ही एकमेकांना पाठमोरे विचारायला लागलो. बाबा ज्याला भीत होते ते आम्ही पुरं केलं. आणि बाबांनीही आमच्या तोंडांकडे बघणं सोडून दिलं. ताटाकडे बघायचे, जमिनीकडे, समोरच्याच्या पायांकडे. मी त्यांच्यासमोर बसून "बाबा, बाबा" म्हणत राहायची, आणि ते माझ्या पायाच्या बोटांकडे बघत बसायचे. बहिऱ्या माणसानं डोळे खाली घातले की तुमच्याकडे त्याच्यापर्यंत जायला काहीच उरत नाही. मी हनुवटीला हात लावून मान वर करायला गेले तर त्यांनी डोळे मिटले. मी सगळ्यात हसवणारी कॅसेट लावली, लावून मुरमुऱ्याचं ताट ठेवलं. ते बसले, माझं मन मोडू नये म्हणून बसले असावेत, आणि ढोल्या-काड्या समोर धडपडत असताना ते आपल्या हातांच्या तळव्यांकडे बघत राहिले. पुढं दादानं धंदा बंद केला, व्हीसीआर गेला. त्या अकरा कॅसेटी एका पावसाळ्यात पडवी गळून बुरशीनं गेल्या. आता म्हणे ते सगळे सिनेमे फोनवर मिळतात. माझा मुलगा एकदा लावून देत होता. मी म्हणाले, चष्मा सापडत नाही.

मिलमधून मोकळे झाल्यावर लहानूकाका आपल्या गावी, खाप्याला, विधवा बहिणीकडे राहायला गेले. बाबा त्यांना भेटायला म्हणून आठ दिवस गेले, मग महिना, आणि मग ते सणावारालाच घरी येऊ लागले. कुणी त्यांना थांबवलं नाही. थांबवायचं कुठल्या तोंडानं? त्यांचा शेवटही खाप्यालाच झाला. पण त्याच्या तीन वर्षं आधी, मला शाळेत नोकरी लागल्यावर, मी एकदा तिथं गेले होते.

जाण्याआधी मी एक पत्र लिहिलं. बोलून उपयोग नव्हता, बघायला ते तयार नव्हते, म्हणून कागद. पहिलीच्या पोरांना लिहून देतात तशा मोठ्या अक्षरात, सोप्या शब्दांत. मी वाईट बोलले. माझ्या मनात तसं नव्हतं. मला माफ करा. घरी चला. एवढं लिहायला मला चार रात्री लागल्या. सावनेरवरून एसटी बदलून दुपारी खाप्याला उतरले. कन्हान नदीकडून उन्हाचा वारा येत होता. काकांचं घर विचारत गेले तर कुंपणाच्या काट्यांमधून अंगण दिसलं, आणि अंगणात दोघं खाटेवर समोरासमोर बसलेले. बाबा बोलत होते. हात उडत होते, ओठ भराभर चालत होते, काका मांडीवर थाप मारत होते, आणि मग बाबांचं ते हसू आलं. किती तरी वर्षांनी मी ते ऐकत होते. मला परत फिरावंसं वाटलं. पण काकांनी मला पाहिलं. "ये वं, ये सुजाता," म्हणाले. बाबांनी वळून पाहिलं, मला पाहिलं, आणि त्यांचे हात गुडघ्यांवर खाली आले.

काकांच्या बहिणीनं चहा आणला. मी बाबांच्या हातात कागद दिला. त्यांनी खिशातून चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, आणि पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं. बोट हळूहळू सरकत होतं. मध्येच थांबायचं, मागे जायचं, पुन्हा पुढं. मी उभीच होते. काका दुसरीकडे बघत होते. शेवटच्या ओळीपर्यंत बोट गेलं, तिथं जरा वेळ राहिलं. मग बाबांनी चष्मा काढला आणि आपल्या त्या मोठ्या आवाजात म्हणाले, शेजारची बाई दारात येऊन बघायला लागली इतक्या मोठ्यानं:

"खोटं थोडीच बोलली होती तू."

राग नव्हता त्यात. बाहेर ऊन आहे हे सांगावं तसं ते म्हणाले. मी खाली बसले, त्यांच्या पायाजवळ, त्यांच्या चेहऱ्यासमोर माझा चेहरा येईल अशी, आणि म्हणाले, नाही बाबा, खोटं होतं, ते सगळं खोटं होतं. आणखी खूप काही म्हणाले. काकांनी ते सगळं पाहिलं आणि डोळे पुसले. बाबा मात्र मान खाली घालून कागदाची घडी घालत होते, आधी दोन, मग चार, मग आठ, अगदी काठाला काठ जुळवून, आणि त्यांनी मान वर केलीच नाही.